पोरांच्या हातात पहिला ग्लास येतो कुणाकडून?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय: अठरा वर्षांखालच्या मुलांचं दारू पिणं आणि गावाने, सोसायटीने, शाळेने करायची कामं.

आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलं आहे: मुलांना समजावायचं कसं? समजावणं हवंच. पण पंधरा वर्षांचं पोरगं स्वतः दारू गाळत नाही. त्याच्यापर्यंत ती कुणीतरी मोठं माणूस पोहोचवतं, कधी विकून, कधी पाजून, कधी नुसतं दुर्लक्ष करून. ही वाट अडवणं शेजारपाजाऱ्यांच्या हातात आहे, म्हणून खालच्या उत्तरांत भर तिथेच दिला आहे.

प्रश्न: आमच्याकडे हळदीच्या रात्री दारू असतेच. चौदा-पंधरा वर्षांची पोरंही त्यात दिसतात. बंदीचा ठराव करायला गेलो तर भावकी तुटेल. महिला मंडळाने काय करावं?
— महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, उरण तालुका

सगळ्या गावाची दारू एका ठरावाने बंद करायला निघालात तर तो पहिल्याच लग्नात मोडेल, आणि एकदा मोडलेल्या ठरावाला पुन्हा कुणी विचारत नाही. त्यापेक्षा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्याकडे महिनाभर आधी जा आणि एवढंच मागा, की अठराच्या आतल्या कुणाच्या हाताला त्या रात्री दारू लागणार नाही. याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा यजमान विरळा. हे जाहीरही मंडळाने करू नये, नवरदेवाच्या मामाने किंवा काकाने करावं. घरच्या माणसाचा शब्द पाहुण्यांना लागत नाही.

मग तपशिलात शिरा. हळदीत पोरांना दारू मिळते ती मुख्यतः उष्ट्या ग्लासांतून. रिकामे ग्लास गोळा करायला पोरांनाच पाठवतात. प्रत्येक ग्लासाच्या तळाशी घोटभर उरलेली असते. मंडपामागे जाऊन चार ग्लास एकात ओतले की पेग तयार. अनेक मुलांची पहिली दारू अशीच असते, फुकटची आणि कुणाच्या नजरेत न आलेली. म्हणून ग्लास उचलण्याचं काम मोठ्यांकडे द्या आणि प्रत्येक टेबलाशेजारी पाव बादली पाणी ठेवा. ग्लास उचलला की आधी बादलीत उलटा, मग पुढे.

दुसरी गोष्ट साठ्याची. सगळा माल एका खोलीत, एका कुलपात, आणि किल्ली त्या रात्री स्वतः न पिणाऱ्या एका माणसाकडे. सुरुवातीला बाटल्या मोजून कागदावर लिहायच्या, एका वेळी दोनच फोडायच्या. दहाला डीजे बंद झाला की खोलीही बंद. किल्ली दोघा-तिघांकडे फिरली की हिशेब गेलाच, आणि गायब झालेली क्वार्टर कुणी नेली हे कधीच कळत नाही. ‘जा रे, आतून दोन बाटल्या घेऊन ये’ असं लहान पोराला सांगण्याची सवयही मोडायला हवी. मुलांकडून दारूची ने-आण करवून घेणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

पोरांना कोल्ड्रिंक द्यायचं तर २०० मिलीच्या सीलबंद बाटल्या द्या. दोन लिटरच्या बाटलीत आधीच काय मिसळलंय हे बघून कळत नाही. आणि दहा ते बारा या वेळेत दोन बायका, दोन पुरुष अशी एक फेरी ठेवा: टेम्पोच्या आड, शाळेच्या पडवीत, बांधावर. पकडायला जायचं नाही. तिथे माणसांची वर्दळ आहे एवढं दिसलं तरी बैठक बसत नाही.

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा आहे. बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी माझ्यासमोर थोडी बिअर घेतली तर प्रमाणात प्यायला शिकेल, असं मला वाटतं. पत्नीचा विरोध आहे. कोण बरोबर?
— एक वडील, कोल्हापूर

तुमच्या पत्नी बरोबर आहेत. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून हाच प्रश्न तपासला गेला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईवडिलांनी दिल्यामुळे मुलं सुरक्षित राहतात असं कुठेही दिसलं नाही. उलट घरून मिळणाऱ्या मुलांनी पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली. मूल यातून ‘प्रमाण’ शिकत नाही, परवानगी मिळाली एवढंच शिकतं.

तुमचा हेतू चांगला आहे, पण कायदा हेतू विचारत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरच्या सांगण्याशिवाय अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घरात दिली म्हणून सूट नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा त्याला दारू देणाऱ्या ठिकाणांच्या चालक-मालकांवरही याच कायद्याखाली कारवाई झाली.

घरी काय करता येईल? बाटल्या कपाटात कुलपात ठेवा, फोडलेल्या बाटलीवर पातळीची खूण करा, आणि पाहुण्यांसमोर मुलाला बर्फ-सोडा आणायला उठवू नका.

प्रश्न: बसस्टँडजवळच्या दुकानात कॉलेजच्या, अगदी शाळेच्या मुलांनाही बिअर मिळते. वय कुणी विचारत नाही. दोनदा तोंडी तक्रार केली, काही झालं नाही.
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

तोंडी तक्रारीची नोंदच होत नाही, म्हणून तिचं पुढे काही होत नाही.

आधी नियम पाहू. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, विदेशी मद्य आणि देशीसाठी २५. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, विदेशीचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. त्यावर नाव आणि वय लिहायचं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच काउंटरवर हे परवाने कुणाच्याही नावाने फाडले जातात. त्यामुळे ‘या मुलाला विकली’ एवढं लिहून थांबू नका, ‘वयाची खात्री न करता आणि परवाना न पाहता विकली’ असं लिहा. मग दुकानदाराला रेकॉर्ड दाखवावं लागतं.

अर्जात तारीख, वेळ, दुकानाचं नाव, पाटीवर किंवा बिलावर दिसेल तो परवाना क्रमांक आणि काय विकलं ते येऊ द्या. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी असतील तर उत्तम. दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. म्हणून अर्ज त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्या आणि त्या वेळेचं चित्रण जपून तपासावं अशी स्पष्ट मागणी करा. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या निरीक्षकाकडे, प्रत जिल्हा अधीक्षकांना आणि पोलीस ठाण्याला. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. विभागाच्या १८०० २३३ ९९९९ या टोल फ्री क्रमांकावरही कळवा, पण तो कागदाला पर्याय नव्हे. महिना उलटला तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: ‘अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कारवाई झाली, पंचनाम्याची व अहवालाची प्रत द्यावी.’ तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

दोन गोष्टी मात्र करू नका. पुरावा मिळवायला स्वतःच्या किंवा कुणाच्या अल्पवयीन मुलाला खरेदीला पाठवू नका. हे काम चुकीचं आहे आणि अंगाशी येतं. आणि पिणाऱ्या मुलांचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, आणि त्या व्हिडिओमुळे बदनामी मुलाची होते, दुकानदार तसाच राहतो.

प्रश्न: ‘आडवी बाटली’चं मतदान घेतलं तर पोरांचा प्रश्न सुटेल का?
— बचत गटाच्या अध्यक्षा, अहिल्यानगर जिल्हा

अर्धा सुटेल. परवानाधारक दुकान बंद करायला हा रस्ता पक्का आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी, सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्या पडताळल्या जातात, मग गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद.

बहुतेक गावं एका ठिकाणी अडखळतात. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या. यादीत १,००० महिला असतील आणि ६०० जणी मतदानाला आल्या, त्यातल्या ४९० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, मुंबई-पुण्याला राहणाऱ्या सुना असतात, वारलेल्या म्हाताऱ्याही असतात. म्हणून निवेदनाच्या कितीतरी आधी यादी हातात घेऊन घरोघर जा आणि जी नावं कमी व्हायला हवीत त्यांचे अर्ज करा. सहीच्या वेळी नाव मतदार यादीत जसं आहे तसंच लिहून घ्या, अनुक्रमांकासह. ‘मंगल’ आणि ‘मंगलाबाई’ यावरूनही पडताळणीत सही बाद होऊ शकते. ऊसतोडीच्या काळात मतदान लागू नये असं लेखी सुचवा.

उरलेला अर्धा प्रश्न हातभट्टीचा आणि किराणा दुकानातून गुपचूप विकणाऱ्यांचा. दुकान बंद झालं की हे लोक सरसावतात, आणि ते तर वय विचारतच नाहीत. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी आहे, तरीही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाला गावागावांत संघटना उभ्या करून काम करावं लागलं, यावरून काय ते ध्यानात येईल. ग्रामसभेतून बेकायदा दारूवर नजर ठेवणारं ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची तरतूद कायद्यात आहे. मतदान जिंकण्याआधीच ते उभं करा, नंतर उत्साह उरत नाही.

प्रश्न: शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ आणि प्रभातफेरी होते. उपयोग शून्य. नववी-दहावीसाठी काय करावं?
— मुख्याध्यापक, नाशिक

सडलेल्या यकृताची चित्रं आधी बंद करा. पंधराव्या वर्षी चाळिशीतला आजार कुणालाच खरा वाटत नाही. त्याऐवजी गणित शिकवा. फळ्यावर मांडा: बाटलीतले मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचं प्रमाण (५ टक्के म्हणजे ०.०५) गुणिले ०.७९ म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बिअर, सुमारे २६ ग्रॅम. तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१. व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, म्हणजे ६१ ग्रॅम. मोठ्या माणसाचं शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निचरा करतं. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. ‘बिअरने काय होतंय’ म्हणणाऱ्या मुलांना स्ट्राँगचा आकडा स्वतः काढू दे. स्वतः काढलेलं उत्तर पोरं विसरत नाहीत.

दुसरं, निनावी पाहणी करा. प्रश्न सात-आठच, सगळे खुणा करायचे, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. कधी घेतली का, गेल्या महिन्यात घेतली का, हे दोन प्रश्न पुरेत. बाकी सगळे प्रश्न वाटेबद्दल: कुठे, कुठल्या वारी किंवा सणाला, कुणी दिली, पैसे कुठून आले. पालकांना आधी पत्र पाठवा. कागद घडी घालून पेटीत पडतील, पेटी मुलांसमोर सील होईल आणि मोजणी बाहेरचं कुणी करेल. तुकडीनिहाय आकडे काढू नका. चाळीस मुलांच्या वर्गात ‘तिघांनी’ असं आलं की ते तिघे कोण, याचा शोध त्याच संध्याकाळी सुरू होतो, आणि पुढच्या वर्षी कुणी खरं लिहीत नाही.

आइसलंडने हेच देशभर केलं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात एकदा तरी नशेत होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. पाहणीचे निकाल लगेच त्या त्या शाळेला आणि गावाला दिले जात, पालक एकमेकांशी लेखी करार करत, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना रात्री बाहेर राहण्याची वेळ ठरलेली होती, आणि खेळ-संगीताच्या वर्गांसाठी सरकार पैसे देई. त्यातला पालकांचा करार उद्यापासून करता येईल. दहावीच्या वर्गातल्या पालकांनी तीन ओळींवर सह्या करायच्या: आमच्या घरच्या पार्टीत मुलांना दारू मिळणार नाही. दुसऱ्याचं मूल पिताना दिसलं तर आम्ही फोन करू. आमच्या मुलाबद्दल फोन आला तर भांडणार नाही. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर दुसरी कुणी पाळत नाही.

प्रश्न: ३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर मोठ्यांची पार्टी असते. पोरं टाकीमागे बसतात.
— सोसायटीचे सचिव, पिंपरी

सामाईक जागेत दारू वाढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. नसेल तर दारू नाही, हे सूचनाफलकावर आठवडाभर आधी लावा. टाकीमागे दोन मोठे दिवे लावा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे नको, समितीच्या एका सदस्याकडे हवी, कारण वॉचमनला पोरं शंभर रुपयांत पटवतात आणि उगाच त्याची नोकरी जाते. मुलांना साडेअकराला खाली काहीतरी त्यांचं स्वतःचं द्या, टर्फवर सामना, रात्रीचं जेवण, काहीही. ‘लवकर झोपा’ हा कार्यक्रम नव्हे.

प्रश्न: विसर्जनाच्या रात्री एक पोरगा बेशुद्ध पडलेला सापडला. कुणी लिंबूपाणी पाजलं, कुणी तोंडावर पाणी मारलं. नेमकं काय करायला हवं?
— मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

हाक मारून, खांदा चिमटून डोळे उघडत नसेल तर १०८ ला फोन. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांची फट, ओठ निळसर, अंग गार किंवा झटका, यातलं एकही दिसलं तर क्षणाचाही विचार नको.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे झुकलेलं. पाठीवर झोपलेल्याची उलटी श्वासनळीत जाते, आणि मृत्यू अनेकदा त्यानेच होतो. एक माणूस शेजारी बसूनच राहील. लिंबूपाणी, कॉफी, दही काहीही पाजू नका, उलटी काढायला घशात बोट घालू नका, आंघोळ घालू नका. नशेत अंगातली उष्णता कमी होते, त्यात गार पाणी म्हणजे आणखी घात. ‘झोपला की उतरेल’ हे सर्वांत धोक्याचं वाक्य आहे, कारण पोटातली दारू पुढचा तासभर रक्तात चढतच असते. मुलांच्या रक्तातली साखरही पटकन खाली येते, हे डॉक्टरला तपासू द्या.

बाटली सापडली तर सोबत न्या. सुटी किंवा हातभट्टीची असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि दुसऱ्या दिवशी धूसर दिसतंय, पोटात दुखतंय म्हणाला तर पुन्हा तातडीने दवाखान्यात. ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची लक्षणं असू शकतात. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत अशाच दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. बरोबरची पोरं पोलिसांच्या भीतीने पळून जातात. मंडळाच्या बैठकीत आधीच सांगून ठेवा: जो फोन करेल त्याला मंडळ पाठीशी घालेल.

प्रश्न: मी अकरावीत आहे. ग्रुपमध्ये सगळे पितात. नाही म्हटलं की चिडवतात. मला ग्रुप सोडायचा नाहीये.
— ठाणे

सोडू नकोस. पुढच्या वेळी फक्त मोज: खरंच किती जण पितात आणि किती जण ग्लास नुसता धरून बसतात. तुझ्यासारखा आणखी एक जण नक्की सापडेल, त्याच्याशी आधीच बोलून ठेव. दोघांनी ‘नाही’ म्हटलं की चिडवण्याची धार जाते. स्वतःचा ग्लास स्वतः भर, सोडा किंवा कोल्ड्रिंक, आणि तो रिकामा होऊ देऊ नकोस, कारण रिकाम्या ग्लासात कुणीही ओततं. खाली ठेवलेला ग्लास परत उचलू नकोस. कारणं लांबलचक देऊ नकोस. ‘मी घेत नाही’ एवढंच, आणि लगेच दुसरा विषय. लांब कारणावर वाद घालता येतो.

आधीच घेत असशील आणि थांबवायचं असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये जा. १४४१६ वर मनाच्या त्रासाबद्दल आणि १४४४६ वर व्यसनाबद्दल बोलता येतं, दोन्ही फोन मोफत आहेत. घरातल्या एका माणसाशी ठरव, ताई, मामा, कुणीही: तुझा ‘डबा आणायचाय का?’ असा मेसेज आला की ते फोन करून तुला घरी बोलावतील आणि त्या रात्री काही विचारणार नाहीत. कुणी प्यायलेला गाडी चालवणार असेल तर मागे बसू नकोस, याच माणसाला न्यायला बोलव. त्याचा नंबर पाठ कर, मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.